दम देणारे सर

दोन दिवस झाले, वारा पडलाय. समुद्र एवढा जवळ, पण माडाचं पातं हलत नाही. नुसता घाम. अशा उकाड्यात कबड्डीच्या मैदानावर पाणी मारायचं माझं काम. पाणी लगेच सुकतं, किस्से मात्र साचत जातात. सगळे आमच्या कोच सरांचे! आठवले की मी अजून दचकतो.

*

सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आबा, या पोरींना दम नाही. मी देतो दम!"

मला बरं वाटलं. एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत चढाई करायची, दम सुटला की बाद. म्हटलं, सर श्वास शिकवणार.

तर सर गरजले, "हरलात तर तंगड्या मोडीन!"

हा दम होय!

*

माझी नात मनाली. जिल्ह्याच्या संघात जायचं, एवढंच तिचं वेड. पण सर बाहेरून ओरडले की चढाईत हिचा दम सुटलाच! घरच्या अंगणात मात्र शेजारचे हमीदभाई हात जोडायचे, "बाय, थांब आता, ऐकून मलाच धाप लागली!"

*

एकदा भर मॅचमध्ये सर ओरडले, "जमत नसेल तर घरी जा!"

मनाली रेषेबाहेर पडली नि चालू लागली. अनवाणी! सर रिक्षा करून मागे. "अगो, मी तसं नाही म्हटलं!"

"सर, तुमचंच तर ऐकलं!"

*

सरांनी एकदाच 'शाबास' म्हटलं. हे दुसरं कोण आलं म्हणून सगळ्या पोरी मागे वळल्या. तेवढ्यात समोरचीने तिघींना शिवलं!

*

परवा सराव संपला. हमीदभाईंचा मैदानाबाहेर कोकम सरबताचा गाडा आहे. ते सरांना ग्लासावर ग्लास देत होते. "उकाडा आहे सर, घ्या अजून!"

काल सेमीफायनल. सरांचा घसा ठार बसलेला! तोंड उघडतात, आवाजच नाही. निवड करणारे समोर बसलेले, नि पोरींना सांगणार कोण?

सर नुसत्या टाळ्या वाजवत राहिले.

मनाली चढाईला गेली. दम सुटेना! दोघींना शिवून परत आली, नि पुन्हा गेली. जिंकलो आम्ही! निवड आता फायनल बघून होणार.

आज संध्याकाळी हमीदभाई अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आले. मी म्हटलं, "सरांचा घसा कसा हो एकाएकी बसला?"

ते जराही हसले नाहीत. "आबा, फायनल उद्या ना? सरांना म्हणावं, सरबत तयार आहे. आज बर्फ जास्त आणलाय."