थोरल्या साडूंचं मलम

क्रीम विकणाऱ्यांमध्ये खरं बोललेला इतिहासातला पहिला माणूस म्हणजे माझे थोरले साडू. इतिहासानं याची नोंद घेतली नाही, कारण ते क्रीम फारसं कुणी विकतच घेतलं नाही.

राजारामपुरीत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात सगळं गाव टीव्हीवर गोरं होण्याच्या जाहिराती बघत होतं, तेव्हा हे गृहस्थ दुकानाच्या मागच्या खोलीत तांब्याच्या परातीत गाईचं तूप धूत बसायचे. पाणी घालायचं, लोट्याच्या बुडानं घोटायचं, पाणी ओतून टाकायचं; असं शंभर वेळा. मग लोण्यासारखं पांढरं मलम होई, त्यात कोरफडीचा गर. मधेच कुणी साडीचा भाव विचारला की मोजणी चुके, आणि साडू त्या बाईकडे अपार दुःखानं पाहून पुन्हा एकपासून सुरुवात करत. मलम मागायला कुणी आलंच तर म्हणत, "बरं हुणार न्हाय. ओल धरून ठेवतंय, बास. लावायचं सोडलं की परत हाय तसं." गिऱ्हाईक आभार मानून शेजारच्या दुकानात ट्यूब घ्यायला जाई.

हा सगळा खटाटोप शैलासाठी, त्यांच्या मुलीसाठी होता. तिची कातडी जन्मापासून कोरडी. थंडीत हातांचे पापुद्रे सुटत. दोन स्थळं तेवढ्यावरून परत गेली होती. तिसरं इचलकरंजीहून आलं, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, तिला लांब बाह्यांचा ड्रेस घालायला लावला आणि नवऱ्याला बजावलं, "आज मलमाचं नाव काढलासा तर बघा."

साडूंनी चहा येईपर्यंत दम धरला. मग त्यांची नजर मुलाच्या वडिलांच्या टाचांवर गेली. ते यंत्रमागवाले गृहस्थ नको नको म्हणेपर्यंत साडू डबी घेऊन त्यांच्या पायाशी बसलेसुद्धा. मुलीच्या बापानं पाय धरलेले पाहून पाहुण्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"अवो, उठा!" पाहुणे ओरडले. "हुंड्याचं आमी काय बोललोय व्हय?"

"हुंडा न्हाय वो, भेगा! माझ्या पोरीला हेच लावतोय. तिची कातडी अशीच हाय. बरी हुणार न्हाय, आधीच सांगतो."

मेहुणीनं डोळे मिटले. शैलानं शांतपणे बाही वर सारली. पाहुण्यांनी तिचा हात पाहिला, मग आपली टाच.

"सोता करतासा?"

"व्हय."

"मग आमाला शिकवा की. लगीन झाल्यावर तुमी काय रोज इचलकरंजीला येणार हायसा?"

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. शैलाचं मलम तिचे सासरे करतात. त्यात गुठळ्या राहतात.