चौदा महिने खुर्चीवर

इस्पितळांच्या चादरी धुऊन देणाऱ्या एका लाँड्रीत मावशींनी एकोणीस वर्षं काढली. त्यातले शेवटचे चौदा महिने रोलरवर. रोलर म्हणजे तापलेलं मोठं यंत्र; एका बाजूने ओलसर चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन निघते. त्याच्यासमोर दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणून उष्णता भत्ता मिळतो. चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाशी खुर्ची मिळते, भत्ता मिळत नाही. जगात एवढा न्याय अधूनमधून आढळतो.

नोकरी सोडून आठ महिने झाल्यावर लाँड्रीचं पत्र आलं. मुलीने ते चहा गाळता गाळता वाचून दाखवलं. हजेरीपुस्तकाप्रमाणे मावशी शेवटपर्यंत घड्यांच्या टेबलावरच होत्या. सबब चौदा महिन्यांचा भत्ता चुकून दिला गेला असून बेचाळीस हजार रुपये तीस दिवसांत परत करावेत. म्हणजे कागदोपत्री त्या बसून होत्या. हे त्यांच्या गुडघ्यांना कोणी कळवलं नव्हतं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, आणि त्यासाठी साठवलेले होते पंचेचाळीस हजार.

"तुला रोलरवर जा असं लेखी कोणी दिलं होतं?" मुलीने विचारलं.

"लेखी कशाला? सुपरवायझर म्हणाला, ताई, दोन दिवस सांभाळून घ्या."

"आणि तू चौदा महिने सांभाळलंस."

"त्याला माणूस मिळत नव्हतं गं."

"मिळालं होतं की."

रोलरवरची बाई सोडून गेली तेव्हा बदली दाखवायला वरच्या साहेबाची सही लागली असती, आणि बाई गेलीच का, हे साहेबाने आधी विचारलं असतं. म्हणून सुपरवायझरने हजेरीपुस्तकाला हात लावला नाही. भत्त्याच्या यादीत मात्र मावशींचं नाव तो दर महिन्याला इमानाने लिहीत राहिला. तेवढा इमानदारपणाच आता नडला होता.

मावशी त्याच्या घरी गेल्या. त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली.

"दोन ओळी लिहून दे, बाबा. मी रोलरवर होते, एवढंच."

"ताई, तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण लिहिलं की मी घरी बसलो. पोरीचं कॉलेज चालू आहे." त्याने एक पाकीट पुढे सरकवलं. "वीस हजार आहेत. कुणाला बोलू नका."

"हे घेतले तर मी टेबलावरच होते, असं होईल."

"तसं नाही हो, ताई."

"मग लिही."

तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. पाकीट टेबलावर ठेवून मावशी उठल्या.

"आणायचं तरी होतंस," मुलगी म्हणाली. मग कागद घेऊन उत्तर लिहायला बसली. "त्याचं नाव घालू?"

"घाल. पण स्वभावाने चांगला आहे, तेही लिही."

मुलीने नाव घातलं. स्वभावाला कागदावर जागा उरली नाही.

तिसऱ्या आठवड्यात लाँड्रीचं उत्तर आलं, सोबत सुपरवायझरचा खुलासा. असा कोणताही तोंडी आदेश आपण दिलेला नाही. सदर बाई स्वखुशीने रोलरपाशी जात असत. भत्त्याची नोंद ही नजरचूक होय. चौदा वेळा झालेली. अक्षर सुरेख होतं.

"वकील बघू," मुलगी म्हणाली. "तो साक्षीदार मागेल. रोलरच्या दुसऱ्या बाजूने चादरी ओढून घ्यायची ती बाई, तिला विचारू?"

"नको. ती अजून तिथेच उभी आहे."

पैसे मुदतीच्या दोन दिवस आधी भरले. मग मावशींनी इस्पितळात फोन केला आणि ऑपरेशनची तारीख रद्द करायला सांगितलं.

"कारण काय लिहू?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. "लिहावंच लागतं, मावशी."

"लिही, दुखायचं थांबलं."

"अरे वा, छान झालं," ती मनापासून म्हणाली, आणि तारीख पुढच्या पेशंटला दिली.