साताऱ्याचे आकडे आणि सांगलीची हलगी

सातारा रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा आजूबाजूला सातारा कुठंच नव्हता. लिंबाखाली एक हमाल बिडी ओढत बसला होता. त्याला विचारलं, "गाव कुठं आहे हो?" तो म्हणाला, "गाव लय लांब हाय. सर्व्हिस मोटार हाय, पर ती कवा यील ते तिचं तिलाच ठावं." अकोल्यापासून गाडीत हाडं खिळखिळी करून घेतलेला मी निमूटपणे ट्रंकेवर बसून राहिलो.

मोटार आली ती कोळशाच्या गॅसवर चालणारी. लढाई संपून वर्ष झालं तरी पेट्रोलची बोंब होतीच. चढ लागला की ड्रायव्हर मागं वळून म्हणे, "उतरा मंडळी, जरा हात लावा." अरे बाप्पा! तिकीट काढायचं आम्ही आणि ढकलायचंही आम्हीच! मी तसं बोलून दाखवलं, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "आवं, पैलवानावानी दिसताय की. ढकला मुकाट्यानं." ढकलली.

मी शाळेत ड्रिल मास्तर. आपल्या अकोल्याच्या आखाड्यात लाठी आहे, लेझीम आहे, पण पट्टा फिरवणारा एकही माणूस नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं लवलवतं लांब पातं. फिरवणाऱ्याचं मनगट जरा चुकलं, तर समोरच्याआधी त्याचंच कान-नाक जायचं. साताऱ्यात एक हवालदार वस्ताद पट्टा शिकवतात असं कानावर आलं होतं. दसऱ्याची सुट्टी लागली आणि मी निघालो.

वस्तादांची तालीम डोंगराच्या पायथ्याशी होती. तांबडी माती, कोनाड्यात मारुती, भिंतीला ओळीनं टांगलेली हत्यारं. वस्ताद सत्तरीचे, मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ. पलटणीत उमर घालवलेला माणूस. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "थांबा. हितं रीत हाय. आदी वस्तादाचं पाय, मग हत्यार, मग माती. ह्यात मागंम्होरं झालं की त्यो गडी बाहीर."

शिकवणंही तसंच, पलटणीसारखं. "येक!" म्हटलं की पाय. "दोन!" की मनगट. "तीन!" की कोपर. "चार!" की नजर. बस्स, चारच आकडे. माझ्या काखेत त्यांनी चिंचेची काडी धरायला लावली. कोपर अंगापासून सुटलं की काडी खाली, आणि काडी खाली की वस्तादांची छडी पोटरीवर. पहिल्या दिवशी मी "दोन"च्या पुढं सरकलोच नाही. रात्री खाणावळीत भाकरी आणि झणझणीत कालवण (रस्सा भाजी) समोर आलं, तर घास उचलायला हात वर जाईना. वाढणारा हसून म्हणाला, "हवालदाराकडं गेला हुता जणू?"

पण एक सांगतो, चौथ्या दिवशी माझं कोपर अंगापासून सुटायचं थांबलं. वीस वर्षं मुलांना ड्रिल शिकवून जे मला कळलं नव्हतं, ते त्या काडीनं कळलं.

तालमीत पोरं मोजकीच होती. चांगले गडी लढाईवर गेले, काही परत आले, काही नाही. परत आलेले नोकरीधंद्याला लागले. एका दुपारी वस्ताद पट्ट्याला तेल लावत बसले होते. मी सहज विचारलं, "तुमच्यानंतर हा कोण धरणार?"

त्यांनी पात्यावर फडकं आणखी एकदा फिरवलं. मग म्हणाले, "येकच हाय. गणपा. कोरेगावकडचा. सांगलीत हळदीच्या पेठंत पोती उचलतो आनि तिथल्या नेमगोंडाकडं खेळतो."

"मग तो इथून का गेला?"

"मी घालवला. जत्रंत खेळत हुता. भाईर हलगी वाजत हुती, ह्याचा पाय तिच्यासंगं नाचाय लागला. गिरकी घेतली. माझ्या चार आकड्यांत गिरकी न्हाई, मास्तर! मी भर लोकांत त्याच्या हातातनं पट्टा काढून घेतला. त्यो गेला त्यो गेलाच."

तेल लावणारा हात थांबला होता. मग मान वर न करताच म्हणाले, "माझं डोळं गेल्यात जमा हाईत. खंडेनवमीला हत्याराची पूजा झाली की हा पट्टा समद्यांम्होरं त्याच्या हातात द्यायचा हाय. त्यो घील तर ही तालीम ऱ्हाईल, न्हाईतर माझ्यासंगं संपली. मी त्याच्या दारात जानार न्हाई, वस्तादानं जायचं नसतंय. तुमी परकं हाय. तुमी जावा."

पाहुणा म्हणून आलो आणि निरोप्या झालो. तरी मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सांगलीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. कृष्णाकाठी पोचलो तो दिवस मावळून गेलेला. नेमगोंडा अण्णा म्हणजे जैन शेतकरी, मळ्यातच राहणारे. अंगणात त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, बसवलं, आणि ओशाळून म्हणाले, "मास्तर, दिवस बुडाल्यावर आमची चूल पेटत न्हाई बगा. आदी कळवलं असतं तर!" माझं तोंड उतरलेलं पाहून घरातल्या अक्कांनी (मोठ्या बहिणीला तिकडं अक्का म्हणतात) शेजारच्या मराठ्यांकडून पिठलं-भाकरी आणवली. मी ओसरीवर एकटाच जेवलो आणि सगळं घर माझ्याकडं कौतुकानं बघत बसलं. असं सगळ्यांसमोर एकट्यानं देवच नैवेद्य जेवत असेल.

सकाळी खेळ पाहिला आणि चक्रावलोच. इथं तालीम नाहीच. मळ्यातलं खळं, भोवती पट्ट्याऐवजी काठ्या घेऊन, गोल करून उभी माणसं आणि मध्ये सिदू हलगीवाला. हलगी म्हणजे आपल्याकडच्या डफाची धाकटी, कडक आवाजाची बहीण. जो येईल तो आधी हलगीला हात लावून कपाळाला लावी, मग अण्णांना नमस्कार, मग मैदानात. कुणी शिकवत नव्हतं. अण्णा स्वतः प्रत्येकाशी थोडं थोडं खेळत. पोराबरोबर पोर होत, जवानाबरोबर जवान. चुकलं तर हसत आणि पुन्हा तोच वार हळू टाकत.

मी विचारलं, "आधी हलगीला का?"

अण्णा म्हणाले, "हलगी चुकली तर हात चुकतुया, हात चुकला तर गळा जातुया. मग मोटं कोन? मी का ती?"

मलाही त्यांनी आत ओढलं. मी आपला तोंडातल्या तोंडात "एक, दोन" करत उतरलो आणि अण्णांची काठी अलगद माझ्या डोक्यावर टेकली. पुन्हा उतरलो, पुन्हा टेकली. सगळे हसले. "तोंड मिटा मास्तर, कान उघडा!" अण्णा म्हणाले. दुपारपर्यंत केव्हातरी माझे आकडे गळून पडले आणि पाय आपणहून उठू लागला. मला फार मजा आली. साताऱ्याला वस्तादांना काय सांगू, असंही वाटलं.

गणपा मला हळदीच्या पेठेत भेटला. तिशीचा, उंच, काखेपासून बोटांपर्यंत पिवळा. तिकडं हळद पेवात (जमिनीतल्या खोल कोठारात) ठेवतात. तो नुकताच पेवातून वर आला होता. मी निरोप सांगितला. तो तसाच उभा राहिला.

"वस्ताद बोलावत्यात? सोताच्या तोंडानं म्हनलं?"

"स्वतःच्या तोंडानं. खंडेनवमीला पट्टा तुझ्या हातात देणार आहेत."

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, पण पंचाही हळदीचाच. पिवळ्या तोंडानं तो रडत होता आणि हसतही होता. म्हणाला, "मास्तर, हितं मला सुख हाय. अन्नांनी लेकरावानी ठेवलंया. पर उभं ऱ्हायला त्यांनी शिकवलं वो. त्यांच्याबिगर मी काय हाय?"

संध्याकाळी त्यानं भीतभीतच अण्णांपुढं विषय काढला. मला वाटलं, आता कुरबूर होणार; एक शिष्य, दोन वस्ताद! अण्णा म्हणाले, "शिष्य म्हंजे काय डाग दिल्याला बैल हाय व्हय? त्येनी पाया घातला, मी वर भिंत बांदली. जा लेका, नारळ घिऊन जा. आनि सिदूला संगं ने. हलगीबिगर तुजा पाय उठायचा न्हाई." किती मोठ्या मनानं दिलं होतं त्यांनी!

परतीच्या गाडीत आम्ही तिघं दाराशी उभे. गणपा सारखा पुटपुटत होता. सुट्टीवर चाललेल्या एका शिपायानं विचारलं, "काय गड्या, मंतर पाठ करतुयास व्हय?"

"व्हय," गणपा म्हणाला. "आदी पाय, मग पट्टा, मग माती. आदी पाय, मग पट्टा, मग माती." इतक्या वर्षांनी चूक व्हायला नको म्हणून तो घोकत होता. कोरेगाव मागं पडलं, तरी त्यानं आपल्या गावाकडं मान वळवली नाही.

खंडेनवमीला तालीम झेंडूनं भरली होती. हत्यारांची पूजा झाली. गावातली जाणती मंडळी आली होती. वस्ताद डोक्याला पटका बांधून, दोन्ही हातांवर पट्टा आडवा धरून मारुतीसमोर उभे राहिले. डोळ्यांना दारापर्यंतचं दिसत नव्हतं म्हणून मला हळूच विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "दारात आहे."

गणपानं उंबरा ओलांडला. आणि सिदूनं, त्या भल्या माणसानं, आपल्या गड्याला हुरूप यावा म्हणून हलगीवर थाप टाकली. सांगलीत रोज टाकायचा तीच.

गणपाचा हात हलगीकडं गेला. हलगीला लागला आणि कपाळाला लागला. मग त्याला कळलं.

तालमीत कुणी हाललं नाही. मागून एकजण कुजबुजला, "मांगाच्या हलगीला आदी?" वस्ताद गरजले, "गप! जातीचं काढशील तर पाय मोडीन!" मग त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, "गणपा, माझ्या पायाची आठवन ऱ्हायली न्हाई रं तुला."

"चुकलं, वस्ताद! चुकलं! हात आपसूक गेला!" गणपानं धावत जाऊन त्यांचे पाय धरले.

"आपसूक गेला, त्येच खरं." वस्ताद वळले आणि पट्टा मारुतीच्या पायाशी ठेवला. "हितली रीत समद्यांस्नी ठावी हाय. आलायस तर काठी खेळून जा."

मला वाटलं, गणपा उठून निघून जाईल. तो नाही गेला. डोळे पुसून काठी घेतली आणि खेळला. सिदूची हलगी सुरुवातीला अडखळली, मग सावरली. काय खेळला तो! मी आयुष्यात तसा खेळ पाहिलेला नाही. साताऱ्याचं कोपर अंगाला चिकटलेलं आणि सांगलीचा पाय वाऱ्यावर. दोन्ही वस्ताद एका अंगात. खेळ संपला तसा त्यानं काठी भिंतीला लावली, पुन्हा एकदा पाया पडला आणि सिदूला घेऊन बाहेर पडला. मी मागं धावलो. तो म्हणाला, "नगा येऊ मास्तर. तुमी लय केलंसा." त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं देऊन लोक एकमेकांना भेटत होते आणि मी ट्रंक घेऊन मोटारीपाशी उभा. वस्ताद पोचवायला आले. मोटार सुटायला वेळ होता. मी रागातच ट्रंक टपावर चढवली. तेच बोलले.

"काल त्यो खेळत हुता ना, तवा मी मोजत हुतो. त्याच्या पावलांच्या आवाजावर, मनातल्या मनात. येक, दोन, तीन, चार. गिरकीतसुदीक. येकबी आकडा चुकला न्हाई, मास्तर. माझाच हात हाय त्यो. माझ्यापरास चांगला."

"मग पट्टा का नाही दिला?" मी जवळजवळ ओरडलोच. "अजून द्या! मी सांगलीला जातो, पुन्हा आणतो त्याला!"

"भर लोकांत खाली ठिवला. आता उचलू कसा?" म्हातारा रडत होता आणि मिशा ताठ ठेवायची पराकाष्ठा करत होता. "आनि ह्ये त्याला सांगू नका. माझ्या तोंडातनं निगालं म्हनून कळाया नगं."

त्यांचा पाय धरून विनवावं असं वाटत होतं, पण आपण पडलो परगावचे पाहुणे. मोटार निघाली. चढावर उतरून ढकलली, आणि वळून पाहिलं तेव्हा ते स्टँडवर नव्हते.

अकोल्याला आल्यावर मंडळींनी विचारलं, पट्ट्याची कोणती रीत चांगली? मी म्हटलं, दोन्ही. लोकांना ते पटत नाही. त्यांना एकच खरी हवी असते. वस्ताद आपल्या रीतीला जागले, अण्णा आपल्या, आणि त्या दोघांच्या मध्ये एक माणूस चिरडला गेला.

कारण मध्यंतरी सांगलीचा एक हळदीचा व्यापारी इथं आला होता, त्याच्याकडून कळलं: गणपानं परतल्यावर पुन्हा काठी हातात घेतली नाही. अण्णांनी समजावलं, सिदू दाराशी हलगी वाजवून थकला. एक दिवस पेठेतलं कामही सोडून तो गेला. कुणी म्हणतं मुंबईला, कुणी म्हणतं बेळगावकडं. वस्ताद अजून आहेत, पण आता त्यांना अजिबात दिसत नाही.

म्हणून वस्तादांचा शब्द मी मोडतो आहे. त्यांना रागवायचं तर रागवू दे. हे वाचणाऱ्या कुणालाही कधी कोरेगावकडचा गणपा भेटला, उंच, आणि दारातून आत येताना आधी कुणाच्या पाया पडावं म्हणून जरा थबकणारा, तर त्याला एवढं सांगा: म्हातारा मोजत होता, आणि एकही आकडा चुकला नाही.