इनासच्या तोंडची वाफ

या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच कबूल करतो. पिंपळाखालची बाई, विहिरीतला आवाज, दारावर तीन थापा… सगळी हयात ठाण्यात गेली, वेळी-अवेळी स्मशानाच्या वाटेने आलो-गेलो, पण मला कधी मांजरसुद्धा आडवं गेलं नाही. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढायचं, मनातलं घुसडायचं नाही, असं मी पोरांना कान पिळून शिकवलं. तेव्हा आज माझ्यावर हे लिहायची पाळी यावी याचं मलाच नवल वाटतं.

मासुंदा तलावामागच्या आळीत माझं दोन खोल्यांचं घर, पुढे उजेडाची ओटी. सकाळी शाळा आणि दुपारी फोटो रंगवणं हा माझा क्रम. मुंबईचे एक-दोन स्टुडिओवाले आगगाडीने फोटो पाठवत. फोटो निघायचा तो तपकिरी. त्यात लुगड्याचा, पागोट्याचा, गालांचा रंग मी ब्रशने भरायचा. मागे कुणाची बकरी आली असेल, परक्याचं कोपर आलं असेल, तर तेवढा भाग कापून उरलेला जाड पुठ्ठ्यावर डकवायचा. माणूस मुळात असतो त्याहून जरा बरा दिसला की गिऱ्हाईक खूश.

आता एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्या फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असतो. त्यावर पाण्यातला रंग धरत नाही, थेंब होऊन घरंगळतो. त्याला आम्हा लोकांचा साधा उपाय म्हणजे जीभ. कागद चाटायचा, थुंकी लागली की रंग बसतो. आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, आणि मी ओटीवर बसून दिवसभर अंडं चाटत असे! बायकोला ठाऊक होतं. ती म्हणायची, "मला काही सांगू नका. मी काही पाहिलं नाही."

ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचा फोटो माझ्याकडे एकही नाही. शेकडो परक्या बायकांच्या गालांना मी लाली लावली, आणि हिचा फोटो काढायचं मात्र पुढच्या महिन्यावर ढकलत राहिलो. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं. कुणी कडी वाजवली की बरं वाटायचं, मग तो दूधवाला का असेना.

एका मंगळवारी दुपारी कडी वाजली. दारात पन्नाशीची एक बाई — बाळकुमची किरिस्ताव, गळ्यात क्रूस, हातात फडक्यात गुंडाळलेला फोटो. बाळकुमहून चालत आली होती. नाव रोझा, गावात रोझाबाय म्हणत. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

"मास्तर, फोटूला रंग तूच देतस ना? यो बघ, यो माजा इनास."

मी फोटो उजेडात धरला. असा फोटो मी तोवर पाहिला नव्हता. स्टुडिओत माणसं खुर्चीला धरून खांबासारखी उभी असतात. इथे कुणाला 'हलू नका' म्हणून सांगितलेलंच नव्हतं. ठाकुर्लीच्या बाजूला रुळांचं काम पाहणारा एक इंजिनियर साहेब होता, त्याला नव्या कॅमेऱ्याचा नाद. थंडीतल्या एका सकाळी बाळकुमच्या खाडीवर त्याने कुणाला न विचारता फोटोची काचेची प्लेट उडवली होती. डांबर फासलेलं काळं होडकं, पुढे शेकोटी, शेकोटीभोवती सात-आठ माणसं भरतीची वाट पाहत बसलेली. कुणी नाक शिंकरतंय, कुणी पाठ खाजवतंय. अगदी डाव्या कडेला पंचविशीचा एक तरुण उभा, मान वळवून चित्राबाहेरच्या कुणाशी तरी बोलत असलेला. त्या वर्षी थंडी कडक पडली होती. बोलताना त्याच्या तोंडून निघालेली वाफ काळ्या होडक्यापुढे स्वच्छ पांढरी उमटली होती आणि तिने त्याचे ओठ झाकले होते.

"कुणाशी बोलतोय हा?" मी विचारलं.

"माज्याशी. मी भाकरी घेऊन आयली होती."

"काय म्हणत होता?"

तिने इनासच्या तोंडावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या मना आठवत नाय, मास्तर. लय आठवून बघला."

इनास तिचा एकुलता एक. फोटो निघाला त्याच थंडीच्या शेवटी तो मुंबईहून जहाजावर खलाशी म्हणून गेला. पहिली पत्रं आली, आणि मग चौदा महिने काहीच नाही. साहेबाची बदली झाली, जाताना हा एक फोटो पाद्र्याकडे राहिला, तो तिला मिळाला. दुसरी प्रत नव्हती.

"गावान सगली बोलतान, तो मेला. पाद्री पन बोलतो, त्याच्या आत्म्याला शांती म्हनून मिस्सा करू. मी बोलली, मेल्याची मिस्सा जित्या मानसाला नाय करायची."

तिचा भाचा पासकू येत्या रविवारी जहाजावर निघणार होता. तो हा फोटो बरोबर नेईल, बंदराबंदरावर दाखवील, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी तिला बाकीची माणसं नको होती, एकटा इनास हवा होता, ओळखता येईल असा. त्याच्या वरच्या ओठावर लहानपणी मासे धरायचा गळ लागल्याची खूण होती. ती सगळ्यात मोठी ओळख, आणि नेमकी तीच वाफेआड गेलेली. खूण किती, कशी, ते तिने स्वतःच्या ओठावर नखाने ओढून दाखवलं.

मग एकदम तिचं लक्ष इनासच्या गळ्यातल्या रुमालाकडे गेलं. "यो रुमाल काला कसा? काला रुमाल मेल्या घरचा! माज्या इनासचा तांबरा हाय, मीच घेतलेला."

"बाय, प्लेटला तांबडा रंग कळत नाही. तांबडं असेल ते काळं उमटतं. मी रंगवतो ना तांबडा."

"रंगव. पयला तोच रंगव."

मी तिच्या देखत पट्टी धरून फोटो कापला. शेकोटी आणि सात माणसं एका बाजूला पडली, इनास एकटा दुसऱ्या बाजूला. कापलेला तुकडा तिने फडक्यात गुंडाळून नेला. "शेजारी हायत ते, फेकू कसा?" म्हणाली. शनिवारी सकाळी न्यायला येते, असं सांगून ती गेली.

मी लगेच बसलो. रुमाल तांबडा केला, चेहऱ्याला सावळा रंग दिला, सदऱ्याच्या घडीत थोडी निळी छटा. मग वाफ घालवायला म्हणून तेवढा भाग चाटला, आणि जीभ मागे घेतली. तो भाग उबदार होता. ओलसरही. बाकी कागद पौषातल्या हवेने गार पडलेला, ऊन तर ओटीवरून केव्हाच सरकलं होतं. मला वाटलं, माझ्याच श्वासाची ऊब. वाफेवर रंग चढवला, ओठ काढले, खूण काढली. छान जमलं.

बुधवारी शाळेतून येऊन पाहतो तो ओठ नाहीत, खूण नाही. वाफ होती तशी, स्वच्छ पांढरी! रुमाल, सदरा, गाल, बाकी सगळे रंग जागच्या जागी. उडालेल्या रंगाचा कणसुद्धा कागदावर नाही. चाटायला कमी पडलो असेन म्हणून स्वतःवरच चिडलो आणि पुन्हा सगळं केलं. गुरुवारी तेच.

गुरुवारी मी तिथे जीभ नाही लावली, गाल लावला. समोर उभं राहून कुणी बोलत असलं की तोंडावर येतो तसा तो उबारा होता. आता मी घाबरलो असेन असं वाचकांना वाटेल. खरं सांगतो, नाही घाबरलो. मला बरं वाटलं. दोन वर्षांत त्या घरात माझ्याशिवाय कुणी श्वास घेतला नव्हता. मी येडचापासारखा त्याच्याशी बोलू लागलो — काय रे इनास, आज कुठल्या बंदरावर? जेवलास का? तुझी आई पायी आली होती बरं का, ठाण्यापर्यंत. चहासुद्धा ओटीवर घेऊन बसलो. तरी काम ते काम. जाताजाता तिसऱ्यांदा रंग चढवलाच.

शुक्रवारी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पाहिलं. वाफ होती.

दुपारी घरी आलो तेव्हाही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रोझाबाय येणार, रविवारी जहाज सुटणार. खूण दिसली नाही तर त्या फोटोचा उपयोग काय? आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. चंद्रोदयापर्यंत उपास. एरवी मी कितीही भ्रष्ट असलो तरी उपासाच्या दिवशी जिभेला अंडं लावलं नव्हतं, बायको असताना नाही आणि गेल्यावर तर मुळीच नाही. म्हणून मी चाटलं नाही. गालही लावला नाही, चेहऱ्याला अंडं लागेल म्हणून. उपासाच्या दिवशी मी सोपी वाट काढली… पेन्सिलीला टोक करायचा बारीक चाकू घेतला आणि वाफेपुरता अंड्याचा थरच खरवडून काढला. खाली कोरा कागद लागला. कोऱ्या कागदात रंग मुरतो, तो परत निघत नाही. ओठ काढले. खूण काढली. बोलता बोलता माणूस थांबावा तसे ते ओठ मिटलेले आले. मी काही मुद्दाम तसे काढले नव्हते.

संध्याकाळी पाहिलं, रंग टिकला होता. चंद्रोदय झाल्यावर, अंड्याच्या विटाळाचा आणि आंघोळीचा विचार बाजूला ठेवून एकदा बोट लावलं. गार कागद. घरात इतकं सुनं वाटलं की मी जेवण तसंच ठेवून तलावावर जाऊन बसलो.

शनिवारी रोझाबायने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "खून बराबर हाय. रुमाल बराबर हाय." मग हळूच म्हणाली, "पन गप झाला रे."

पासकू फोटो घेऊन गेला. गणपतीच्या सुमारास परत आला. आणखी चार दिवसांनी रोझाबाय माझ्या ओटीवर येऊन बसली, अंगावर काळं लुगडं.

एडनच्या बंदरावर एका इस्पितळात पासकूने फोटो दाखवला आणि तिथल्या माणसाने ओठावरच्या खुणेवर लगेच बोट ठेवलं. तापाने डोकं गेलेला, स्वतःचं नावगाव सांगू न शकणारा एक खलाशी तिथे कितीतरी महिने पडून होता. त्यामुळे पत्र कुठे धाडायचं हेच कुणाला कळलं नव्हतं. पासकू पोचायच्या आधीच तो गेला होता. थडग्यावरच्या क्रुसावर नाव नव्हतं, ते फोटोमुळे लिहिलं गेलं. कधी गेला ते तिथल्या पाद्र्याच्या वहीत होतं. किरिस्तावांचा तीन राजांचा सण असतो ना जानेवारीत, त्याच्या नंतरचा शुक्रवार. दुपारी.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तो मंगळवार त्या सणाच्या दुसऱ्या दिवसाचा, तेव्हा तिनेच तसं सांगितलं होतं. मला हिशेब करावा लागला नाही.

"मास्तर, यो फोटू तुज्याकडं चार दिवस व्हता. तुला काय वाटला काय?"

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिला नाही कसं म्हणू? मी वाफेचं सांगितलं. रंग देत होतो, ती परत येत होती, कागद उबदार लागत होता. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हंजे तवर होता."

"होता, बाय."

"सगली बोलत होती, मेला, मेला. मी एकलीच बोलत होती, हाय. मी खोटी नव्हती ना, मास्तर?"

"नव्हतीस." माझ्या तोंडून पहिल्यांदाच तिला एकेरी गेलं.

"आन् शुक्रवारी?"

"शुक्रवारी सकाळी उठलो तेव्हा वाफ नव्हती," मी म्हणालो.

ती रडली. पण रडताना तिची मान ताठ होती. चौदा महिने सगळ्या गावाने तिला वेड्यात काढलं होतं आणि ती एकटी बरोबर होती. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, घरच्या माणसाच्या फिरवावा तसा.

शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांना मी नुसतं फोटोचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, प्रिंट नीट धुतलेली नसेल, आत राहिलेला मसाला खाडीच्या दमट हवेने वर येत असेल, रंग खात असेल. असेलही. उबेचं मी त्यांना विचारलंच नाही. योगायोग म्हणा, एकट्या माणसाच्या डोक्याचे खेळ म्हणा. मला आजतागायत उलगडा झालेला नाही. एडनला ताप चढलेला माणूस कुठे आणि ठाण्यात ओटीवर बसलेला मी कुठे, हे मलाही कळतं.

पण शुक्रवारी सकाळी वाफ होती. दुपारी चाकू हातात घेतला तेव्हाही होती. रोझाबायला वाचता येत नाही, आणि तिला वाचून दाखवील असं तिच्या घरात आता कुणी उरलेलं नाही. म्हणून हे इथे लिहायचं धाडस केलं.