मुलाखतीतला चहा

माझ्या मुलाखतींमध्ये चहा फार होतो, हे पहिल्यांदा मराठीच्या बाईंनी पकडलं. आम्ही दोघं बदलापूरच्या एका शाळेत शिकवतो. त्या मराठी, मी इतिहास. ग्रंथालयातलं एक लोखंडी कपाट आम्ही परिसराच्या इतिहासासाठी मागून घेतलंय. त्यात सातबाऱ्यांच्या झेरॉक्स आहेत, लग्नपत्रिका आहेत, बंद पडलेल्या कारखान्यांचे गेटपास आहेत, आणि एका हार्डडिस्कवर म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. मुलाखती मी घेतलेल्या. बाई त्या ऐकून कागदावर उतरवत होत्या. एक दिवस कानातला हेडफोन काढून म्हणाल्या, "सर, एक विचारू? माणूस बोलायला लागला की तुम्हाला चहाच कसा आठवतो?"

मी हसण्यावारी नेलं. मग घरी बसून ऐकलं. उल्हासनगरचे एक आजोबा सिंधमध्ये मागे राहिलेल्या बहिणीबद्दल बोलू लागतात, आवाज घोगरा होतो, आणि मधेच माझा आवाज: "साईं, चाय ले लें?" अंबरनाथचे एक निवृत्त कामगार संपात फुटलेल्या मित्राचं सांगायला घेतात. "काका, चहा घेऊ या का?" मग रेकॉर्डर बंद केल्याचा टक् असा आवाज, आणि पुढच्या वाक्यात काका कंपनीतल्या गणपतीच्या आरासीवर.

तिसरी मुलाखत मी लावलीच नाही. ती मला पाठ होती.

कुळगावात आमच्या जुन्या घराला लागून एक विहीर होती. घराच्या जागी आता इमारत आहे. विहीर तिच्या आवारात जाळी टाकून ठेवलीय, सोसायटीने कठड्याला गेरूचा रंग दिलाय. पलीकडे बौद्धवाडा. तिथल्या एक मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लहानपणी मला त्यांनीच इंजेक्शनं दिली. "रडलास तर दुसरं देईन," म्हणायच्या. त्यांची मुलाखत मी सगळ्यात हौसेने घेतली होती. त्या विहिरीपाशी आल्या, "तुझे आजोबा कठड्यावर उभे राहायचे, आणि आम्ही खाली," एवढं बोलल्या, आणि मी म्हटलं, "मावशी, चहा घेऊ या का?"

त्यांच्याच घरात, त्यांनाच.

चहा आला. मी प्यायलो. आणि आता खरं सांगायचं तर सगळंच सांगतो. त्यांच्याकडचा चहा आपण पितो, याचं मला तेव्हा कौतुक वाटत होतं. त्यांच्या हाताचं नव्हे, माझं. आमच्या घरातल्या कोणी तो उंबरा ओलांडला नव्हता, मी ओलांडला. कपबशी खाली ठेवताना मला वाटलं, झालं की, फिटलं. मग रेकॉर्डर सुरू केला आणि त्यांना नर्सिंगच्या ट्रेनिंगचं विचारलं.

त्या मुलाखतींवरून मी चौथीच्या मुलांसाठी परिसराची एक पातळ पुस्तिका लिहिली. उल्हास नदी, शिवमंदिर, छावणीच्या बराकी, आणि एक पान विहिरीचं. त्या पानावर माझं वाक्य होतं, 'ही विहीर संपूर्ण गावाची तहान भागवत असे.' लिहिताना हात अडखळला नाही. ते वाक्य मला चांगलं वाटलं होतं.

पुस्तिका वर्गात वाटली त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. त्यांची नात चौथीत आहे. "घरी ये," म्हणाल्या, "आणि ते तुझं यंत्र घेऊन ये."

गेलो. पुस्तिका त्यांच्या पुढ्यात उघडी होती. "पोरीने मोठ्याने वाचलं. म्हणाली, आजी, तुमची विहीर! मी म्हटलं, आमची कधीपासून? तर म्हणते, सरांनी लिहिलंय. आता सरांना खोटं पाडू की स्वतःला?"

मी म्हणालो, "मावशी, चुकलं."

"चुकलं नाही रे. विसरला असतास तर चुकलं म्हटलं असतं. तू चहा मागितलास." मग त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "आज चहा मिळणार नाही. सुरू कर."

त्या बोलल्या. "आम्हाला दोर टाकायची परवानगी नव्हती. उन्हात हंडा घेऊन कठड्याखाली बसायचं. कुणी वरून ओतलं तर ओतलं. तुझे आजोबा वाईट नव्हते, हे लिही. इतरांसारखी वाट बघायला लावायचे नाहीत, लगेच ओतायचे, हसून विचारपूस करायचे. चांगला माणूस होता. पण हंड्याला पोहरा लागू द्यायचा नाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, धर्म बदलला, दोर तोच राहिला."

"मग कधी बदललं?"

"नळ आला तेव्हा. कुणाचं मन बदलल्याचं मला तरी आठवत नाही. नळ आला."

मी विचारलं, आजोबांचं नाव घालू का? मला वाटलं, तेवढं तरी धैर्य दाखवावं. त्यांनी मान हलवली. "नाव घातलंस तर बाकीचे सुटतील. म्हणतील, तो एक होता."

त्यांची मागणी एवढीच होती की नातीच्या हातात हे पान बरोबर यावं, याच वर्षी, ती चौथीत असताना. "मी अठ्ठ्याहत्तरची आहे," म्हणाल्या. "पुढच्या आवृत्तीचं मला नको सांगूस."

मुख्याध्यापकांनी नेमकं तेच सांगितलं. पुढच्या आवृत्तीत बघू. माझा चुलतभाऊ शाळेच्या समितीवर आहे, सोसायटीचाही तोच अध्यक्ष. तो घरीच आला.

"मास्तर, खालीफुकट लफडी का काढतोस? पोरांना विहीर दाखव, तिच्यातलं कासव दाखव. कोणी कोणाला पाणी कसं घातलं, ते कशाला?"

"कारण ते झालं."

"आजोबांनी तुला खांद्यावर घेऊन फिरवलंय."

"तुलाही. म्हणूनच आपण दोघांनी सांगायला पाहिजे."

"आपण? मला नको घेऊस त्यात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "लोकं काय म्हणतील, यांचं घर असलं होतं?"

"होतं," मी म्हटलं. एवढा एक शब्द बोलायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. पण बोललो, आणि काही कोसळलं नाही. त्याने चहा अर्धा टाकला आणि गेला.

पुस्तिका उल्हासनगरला छापली होती. त्याच छापखान्यात गेलो. मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "पट्टी चिकटवायची? सर, मिस्टेक माझी असेल तर फ्री. तुमची असेल तर चार्ज."

"माझी."

"केवढी?"

"एका विहिरीएवढी."

त्यांनी मजकूर वाचला. मग परत वाचला. पैशाचं पुन्हा काही बोलले नाहीत. कारागिराला म्हणाले, "मोटा टाइप लेना. बच्चे पढ़ेंगे."

पट्टीवर मावशींचेच शब्द आहेत, दोरापासून नळापर्यंत. खाली मी एक ओळ घातली: 'ही विहीर या पुस्तिकेच्या लेखकाच्या घरची होती.' शाळेच्या कुठल्याही समितीची परवानगी मी घेतली नाही. बाई आणि मी स्टाफरूममध्ये बसून गठ्ठेच्या गठ्ठे डिंकाने चिकटवले. वाटलेल्या प्रती वर्गातून परत मागवून त्यांनाही. हार्डडिस्कवर दोन्ही मुलाखती ठेवल्यात, चहाची आणि पाण्याची. बाईंनी विचारलं, पहिली पुसू का? मी नाही म्हटलं. माझा तो आवाजही कपाटात राहू दे. इतिहास असा कसा थांबवतात, हेही कुणाला तरी ऐकता आलं पाहिजे.

मावशींकडे प्रत घेऊन गेलो. त्यांनी वाचायच्या आधी पट्टीची कड नखाने उचकटून बघितली. नर्सची सवय. निघाली नाही. मग नातीला हाक मारली, "ये गं, आता वाच."

संध्याकाळी चुलतभावाचा फोन. "समितीची मीटिंग लावलीय. पट्ट्या काढाव्या लागतील तुला."

"मी नाही काढणार. तू काढ."

"काढेन की. पाणी लावून सोलून काढेन."

"बघ काढून," मी म्हटलं. "डिंक पक्का आहे. पट्टीबरोबर तिच्याखालचं गावाच्या तहानेचं माझं वाक्यही निघून येईल."