गल्लीतलं एकही गिऱ्हाईक दिसत नाही

दुकानात गिऱ्हाईक नसलं की किस्से फार साठतात, हा माझा जपानमधल्या सेंदाईतला अनुभव. माधवीच्या शिवणकामाच्या दुकानात आम्ही दोघी कितीतरी महिने नुसत्या दाराकडे बघत बसलो होतो. त्यामुळे साठा भरपूर आहे!

आमचे नवरे इथल्या विद्यापीठात संशोधक. माधवी पुण्यात पंधरा वर्षं ब्लाउज शिवायची, मी मुंबईत बँकेत होते. जागेच्या मालकीणबाई ओनो-सान, पंचाहत्तरीच्या, शिवाय गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. सप्टेंबरात त्या चहाचा कप ठेवून हळूच म्हणाल्या, "जागा आसपासच्या लोकांच्या उपयोगी पडावी, एवढीच माझी इच्छा. मार्चअखेर करार संपतोय. तेव्हा बघू."

त्या गेल्या आणि माधवी मटकन खाली बसली. "बघू म्हणजे नाहीच गं! इथे तोंडावर नाही कोण म्हणतं? दुकान गेलं तर मी परत घरात बसून भिंती मोजायच्या का?"

"थांब," मी म्हटलं, "आपण वेबसाइट काढू!"

*

वेबसाइट मी केली. 'डिझायनर ब्लाउज, हाताची एम्ब्रॉयडरी, भारतीय परंपरा.' पहिल्याच आठवड्यात चौकशा सुरू! टोकियो, सिंगापूर, न्यू जर्सी. नागपूरच्या एका काकूंनी तर फॉल-पिकोचा भाव विचारला. गल्लीतून मात्र शून्य.

"ओनो-सानना काय सांगू?" माधवी म्हणाली. "आपली गल्ली नागपूरपर्यंत वाढलीय म्हणून?"

*

शेवटी समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी पँट आखूड करून घेतली आणि रिव्ह्यू दिला. तीन स्टार. 'विशेष तक्रार नाही.'

माधवीचा चेहरा पडला. मी घाईघाईने खाली लांबलचक माफी लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी त्या बाई बिस्किटांचा डबा घेऊन दारात! कमरेत वाकून म्हणाल्या, "माझं काही चुकलं का? इतके चांगले मार्क मी सहसा कुणाला देत नाही."

*

फेब्रुवारीत एक तरुण आई बालवाडीची यादी घेऊन आली. पिशवी तीस बाय चाळीस, बुटांची पिशवी वेगळी, डब्याची वेगळी. सगळं आईने घरी शिवायचं, अशी इथली रीत! तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. बिचारी रडायच्या बेतात होती.

मी त्याच दिवशी वेबसाइटवरची भारतीय परंपरा काढली आणि लिहिलं, 'बालवाडीच्या पिशव्या शिवून मिळतील.' आठवडाभरात गल्लीतल्या अकरा जणी येऊन गेल्या. एकेकटीच, आणि डावी-उजवीकडे बघत.

पहिली आई पिशवी न्यायला आली. उलटसुलट करून बघितली आणि हळूच म्हणाली, "फार सरळ झालीय हो. मी शिवलीय असं कुणाला पटणार नाही. जरा वाकडी कराल?"

माधवी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अगं, वाकडं शिवायचा कोर्स मी केलेला नाही!"

पण केली. तीनदा उसवून मनासारखी वाकडी केली.

*

मी मूर्खासारखं एका स्ट्रॉबेरीवाल्या पिशवीचा फोटो वेबसाइटवर टाकला. दहा मिनिटांत फोन. "काढा! आत्ता काढा! ते कापड सासूबाई ओळखतील!" घाईत मला डिलीटचं बटणच सापडेना.

तेव्हापासून फोटो बंद आणि रिव्ह्यू मागणंही बंद. कुणाचं नाव बाहेर काढणार नाही, असा माधवीने प्रत्येकीला शब्द दिला. आत कपाटात पिशव्यांची चळत लागली होती, पण वेबसाइटवर अजून तेच तीन स्टार. ओनो-सान येता-जाता काचेतून डोकावायच्या. "गिऱ्हाईक दिसत नाही," एवढंच म्हणायच्या. आम्ही दोघी मान खाली घालून दोरे गुंडाळत बसायचो. मला तर रोज रडू यायचं.

*

एकतीस मार्च. ओनो-सान सकाळी दहाला आल्या आणि खुर्ची ओढून बरोब्बर दारासमोर बसल्या. "आज दिवसभर बसते. कोण येतं ते बघू."

माधवीने कराराचा कागद टेबलावर ठेवला. त्याच दिवशी सात जणी पिशव्या न्यायला येणार होत्या, आणि सातही जणींच्या सासवा ओनो-सानच्या मैत्रिणी!

अकराला पहिली आत आली. ओनो-सानना बघून जागीच थिजली. मग म्हणाली, "माफ करा, सबवेचं स्टेशन कुठे आहे?"

स्टेशन दुकानाच्या समोर आहे. दारातून पाटी वाचता येते.

माधवीने बोट दाखवलं. ती वाकून नमस्कार करून भलत्याच दिशेला निघून गेली.

अर्ध्या तासाने दुसरी. "स्टेशन कुठे हो?"

मग तिसरी. तिलाही स्टेशनच हवं होतं. माधवी टेबलाखाली माझा हात दाबून धरत होती. संपलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटले.

चौथीने दार ढकललं. तिने तोंड उघडायच्या आत ओनो-सानच म्हणाल्या, "समोर."

ती गेल्यावर त्यांनी सावकाश चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि पर्समधून सहीऐवजी मारायचा शिक्का काढला.

"या भागात स्टेशन सापडणं फारच अवघड झालंय," त्या म्हणाल्या. "विचारायला इथे एक दुकान हवंच."