बायकांची साक्ष

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि ते सांगायला मला आजही आवडतं. कॉलेजात असताना मी दर रविवारी घरी न सांगता कामोठ्याला बायबलच्या अभ्यासाला जायचो. येशू मेलेल्यांतून उठला याचे पुरावे वहीत उतरवायचो. बाबांना ती वही सापडली. ती चाळत त्यांनी विचारलं,

"कबर रिकामी हाय, ते पयलं कोनी बघितलं?"

"बायकांनी. त्या काळी बायकांची साक्ष कोणी फारशी धरत नसे. गोष्ट रचलेली असती तर साक्षीला पुरुष उभे केले असते."

बाबा हसले. "एवढा शिकला, नि बायांच्या सांगन्यावर इस्वास?"

पनवेलच्या बाजारात मासळी विकून आलेली आई म्हणाली, "जिताडा ताजा हाय का नाय, ते तुमी मलाच इचारता ना?"

बाबांनी वही माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "जा रविवारी. पन जेवायला घरी ये."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. चर्च सुटलं की मी अजूनही कुठे न रेंगाळता घरी निघतो.